मूस हरणाची उजवी बाजू

१२ ऑक्टोबर

पाडला! चौदा टोकांच्या शिंगांचा मूस हरीण, ऐन भरातला नर, आणि पाडला कोणी? या हॉल्गर नेस्लुंडने. वय चौऱ्याहत्तर, शिकारीला बसायचा ठिय्या नंबर सात. आता बोला म्हणावं!

मे महिन्याच्या सभेत आमच्या शिकारमंडळाचा म्होरक्या बॉर्ये काय म्हणाला ते मी विसरलेलो नाही. "हॉल्गर, दोन वर्षांत तीन नेम चुकले. यंदाही तसंच झालं तर सात नंबर एखाद्या तरण्याला देऊ. तू आपलं कॉफीचं बघ." कॉफीचं! दलदलीच्या काठची ती जागा माझ्या बापाने हेरली, पन्नास वर्षं मी तिथे बसतोय, आणि आता मी थर्मास सांभाळू? माझा मेहुणा टूरे, माझ्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ, शेजारी मूग गिळून बसला होता. त्याचा ठिय्या आठ नंबरचा, दलदलीपलीकडे उतारावर, वाऱ्यात. त्याला माझी जागा हवी असणार, दुसरं काय.

माझी बायको विवान होती तेव्हा हे सगळं तिला ऐकवायचो. ती विणता विणता "हं" म्हणायची आणि माझं डोकं थंड व्हायचं. ती गेली, म्हणून ही वही. जाड काळ्या मार्करने लिहितो, कारण हल्लीची पेनं इतकी फिकट लिहितात की लिहिणाऱ्यालाच दिसू नये.

तर सकाळी आठला बॉर्येचा कुत्रा भुंकला. नर दलदलीतून वर निघाला, डावी कूस माझ्याकडे. कुठल्या बाजूला किती लांबवर गोळी झाडायची याची हद्द दाखवायला बॉर्येने झाडांना फिती बांधल्यात, पण काटकसर करून असला मळकट रंग आणलाय की एकही दिसत नाही. असो. मी चाप ओढला आणि तो कोसळला. आवाज असा घुमला की एकाचे दोन झाले. डोंगर इतक्या लगेच उलट बोललेला मी आजवर ऐकला नव्हता.

वॉकीटॉकीवर पहिला टूरेच ओरडला. "दाजींनी पाडला! सात नंबर!" त्यावर बराच वेळ कोणी काही बोललंच नाही. जळाले असतील.

मी दलदल ओलांडून पोचेपर्यंत टूरे हजर. उतारावरून पळत आलेला, छातीचा भाता झालेला. नर उजव्या कुशीवर पडला होता. मी डाव्या बाजूला माझ्या गोळीचं भोक शोधायला लागलो तर सापडेना. "थंडीची लव आहे दाजी, भोक मिटतं केसांत," टूरे म्हणाला आणि सुरी काढली. "तुम्ही बसा, कॉफी घ्या. मी सोलतो." पुन्हा कॉफी! पण बसलो. त्याचे हात थरथरत होते. साठीच्या गड्याला दुसऱ्याची शिकार बघून कापरं भरावं म्हणजे काय मत्सर झाला!

१४ ऑक्टोबर

टूरे गाडी घेऊन आला. मागे मीठ लावून गुंडाळलेलं नराचं कातडं, डोक्यापासून खांद्यापर्यंत, आणि शिंगं.

म्हणतो, "दाजी, हे शहरात पाठवू. तिथे पेंढा भरणारा मोठा कारागीर आहे, पदकंबिदकं मिळालेला. मी स्वतः नेऊन देतो."

"तीनशे किलोमीटर? आणि आपली वेन्डेला काय मेली?"

"ती पक्षीबिक्षी भरते. एवढा मोठा नर तिला झेपायचा नाही. कान वाकडे करेल."

वेन्डेला चर्चपलीकडे राहते. तिच्या बापाने सबंध गावाची रानकोंबडे, कोल्हे, मासे भरून भिंतींवर चढवले. आमच्या स्वयंपाकघरातला ट्राउट मासासुद्धा त्याच्याच हातचा. चार किलोचा! खाली पितळी पाटी, तिच्यावर माझं नाव. आता बापाचं दुकान पोरगी चालवते आणि चांगलं चालवते.

टूरेचा इतका आग्रह पाहिला आणि म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. माझा नर गावात राहिला तर येणारा-जाणारा बघेल, "हॉल्गरचा नर" म्हणेल, तेच याला नकोय. म्हणून मुद्दाम सांगितलं, "वेन्डेलाच. विषय संपला."

टूरे पायरीवर उभा राहून ओठाखाली तंबाखू भरत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही पण ना दाजी," आणि गेला. निरोपही घेतला नाही शहाण्याने.

२ नोव्हेंबर

वेन्डेलाने बोलावलं. फोमचा साचा मागवायचाय, डोकं कुठे वळवायचं ते ठरवायचंय म्हणे. तिच्या कारखान्यात तुरटीचा वास आणि चाळीस वॅटचा दिवा. एवढ्या अंधारात ही काम तरी कशी करते देव जाणे. मी एका स्टुलाला धडकलो, ते स्टूल कोणीतरी मध्येच ठेवलं होतं.

"हॉल्गरकाका," ती म्हणाली, "गोळी मारलीत तेव्हा त्याची कुठली कूस तुमच्याकडे होती?"

"डावी. का?"

"नाही... भोक आतून शिवून घेते ना मी. कुठलं ते विचारलं."

"शिवायचं नाही!" मी बजावलं. "भोक दिसलं पाहिजे. डोकं असं वळव की डावी मान समोर येईल. दर नाताळला टूरे माझ्याकडे जेवायला येतो. जेवता जेवता त्याला ते भोक दिसलं पाहिजे."

एक काडेपेटी टेबलावर होती, ती तिने उचलून खणात टाकली आणि खण लावला. मग म्हणते, "काका, कानाजवळ थोडं फाटलंय. वेळ लागेल." जाता जाता वर आणखी, "बाबा सांगायचे, तुमच्याकडचा ट्राउट विवानकाकूंनी ओढला होता. खरं का?"

मी ताडकन म्हणालो, "गळ माझा होता. होडी माझी होती. वल्ही मी मारत होतो." ओढला तिने, म्हणून काय झालं? या गावात दुसऱ्याच्या ताटात बघायची खोडच आहे.

७ डिसेंबर

मंडळाची मेजवानी झाली. ज्याने मोठा नर पाडला त्याला त्या नराची जीभ वाढायची ही आमची रीत. टूरेने स्वतः ताट आणून माझ्यापुढे ठेवलं. "घ्या दाजी, मानाची." मी सगळी खाल्ली, चाटूनपुसून. टाळ्या वाजल्या, पण कशा? हातमोजे घालून वाजवल्यासारख्या. मग मी उठून शिकारीची हकिगत सांगितली, अगदी पहिल्या भुंकण्यापासून. सगळे आपापल्या ताटात बघत होते. बॉर्ये तर खोकल्याच्या निमित्ताने बाहेरच गेला. इतका हेवा! चाळीस वर्षांचे सोबती हे!

१९ जानेवारी

बाहेर उणे एकतीस अंश. मुलीचा, लिस्बेटचा, फोन. "बाबा, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊ का? मागच्या वेळी तुम्ही कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलंत." दोन्ही डबे सारखे आहेत, बनवणाऱ्याला अक्कल नाही, यात माझ्या डोळ्यांचा काय संबंध? पोरगी चाळिशीची झाली, पण बापाला शहाणपण शिकवायची हौस जात नाही.

वेन्डेलाला फोन केला. "कातडं अजून कमावतेय काका." तीन महिने? हरणाचं कातडं आहे का तंबूचं?

११ मार्च

आता मात्र हद्द झाली. सतरा मेला वार्षिक सभा, ठिय्यांची वाटणी तिथेच होणार. त्याआधी नर भिंतीवर हवा, म्हणजे बॉर्येने तोंड उघडायच्या आत मी भिंतीकडे बोट दाखवीन. सात नंबर गेला तर माझ्याजवळ उरतंच काय? एक रिकामं घर आणि एक थर्मास. हे मी कोणाला सांगणार नाही, पण वहीत लिहितो.

वेन्डेला म्हणते कानाचं काम राहिलंय. अगं, कान आहेत का काय! दोनच आहेत ना त्याला? टूरेचं ऐकून शहरात पाठवलं असतं तर एव्हाना आला असता, असं क्षणभर वाटलं. लगेच स्वतःचाच राग आला.

२२ एप्रिल

आज सरळ तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. "माझा नर दे. जसा असेल तसा दे. तुझ्या बापाने अशी थट्टा कधी केली नव्हती."

साचा तयार, कातडं कमावून घडी करून ठेवलेलं, डोळेसुद्धा आणलेले. म्हणजे काम कधीच होण्यासारखं होतं! मी तोंड सोडलं. कामचुकार म्हणालो, आणखीही काही म्हणालो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझा हात धरला, लहान मुलाचा धरतात तसा, आणि कातड्यावर ठेवला.

"ही डावी बाजू, काका. तुमची. हात फिरवा."

फिरवला. मानेपासून खांद्यापर्यंत सलग लव. कुठेही भोक नाही.

"आता ही उजवी."

खांद्याच्या किंचित पुढे माझं बोट आत गेलं.

"नोव्हेंबरपासून हे कातडं साच्यावर चढवायला माझा हात धजला नाही," ती म्हणाली. "भोक दाखव म्हणालात. कुठलं दाखवू? तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती आणि डावीकडे खोटं भोक पाडायला मन होईना. बाबांनी मला ते शिकवलं नाही." मग खणातून ती काडेपेटी काढून माझ्या मुठीत दिली. "डाव्या बाजूच्या कातड्याखाली अडकली होती. आतल्या अंगाने."

घरी येऊन काडेपेटी उघडली. चेपलेली गोळी, पुढून फुललेली. दिव्याखाली धरली, काही कळेना. मग माझ्या बंदुकीची रिकामी पुंगळी आणली आणि गोळीचा बूड तिच्या तोंडात बसवून पाहिला. माझी गोळी तिथे घट्ट बसायला हवी. ही बापाच्या बुटात पोराचा पाय जावा तशी आत लटपटत राहिली. माझ्या गोळीची जाडी नऊ मिलिमीटरच्या वर. साडेसहाची बारीक बंदूक आमच्या मंडळात एकच माणूस वापरतो.

२३ एप्रिल

सकाळीच टूरेच्या स्वयंपाकघरात गेलो आणि काडेपेटी त्याच्या बशीत आपटली.

"ही कोणाची?"

तो लोणी लावत होता. लावतच राहिला. "सांगितलं होतं, शहरात पाठवा. तिथे कोण ओळखतंय कोणाची गोळी ती. पण माझीच चूक. मी वेन्डेलाकडे द्या म्हणायला हवं होतं, म्हणजे तुम्ही हटकून शहरात पाठवला असता."

"तू मला भीक घातलीस! मला! सगळ्यांना माहीत होतं?"

"सोलताना भोक दिसतं दाजी. ते काय आंधळे आहेत?" म्हणाला आणि जीभ चावली.

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. दया दाखवणारा हा कोण? ती जीभ! मी त्याची जीभ खाल्ली, तीही भरल्या पंगतीत, वर भाषण ठोकलं, आणि हा समोर बसून "घ्या दाजी" करत होता. असला अपमान दुष्मनाने केला नसता.

माझा दम संपल्यावर तो म्हणाला, "सात नंबर गेला असता तुमचा. वॉकीटॉकीवर दिवसभर मला शिव्या कोण देणार मग? बॉर्ये? त्याला येतात कुठे?"

"आणि माझी गोळी? ती कुठे गेली?"

"गेली वर. ताईला सलाम करायला." तो हसला, पण उशिरा हसला. त्याची बायको आत आली तसा गप्पच झाला.

१० मे

रागाने झोप नाही, जेवण नाही. आणि एक गोष्ट कुरतडत होती. माझा बाप म्हणायचा, गोळी सुटली की ती कुठे गेली ते शोधल्याशिवाय घरी यायचं नाही. मी शोधली नव्हती. मला वाटलं होतं, ती नरात आहे.

बर्फ गेलंय. लिस्बेट आली होती, तिला घेऊन सात नंबरवर गेलो. म्हटलं, "बघ, दिसते का कुठे फीत? बॉर्येचा चिक्कूपणा!"

"बाबा," ती म्हणाली, "समोरच आहे. गाजरासारखी लाल आहे. दोन आहेत."

मी टक लावून पाहिलं. झाडं होती. नुसती झाडं.

"नर कुठे होता?" तिने विचारलं. मी हात केला. तिने फितीकडे पाहिलं, पुन्हा माझ्या हाताकडे. मग हळूच म्हणाली, "ते फितीच्या बाहेर आहे बाबा. त्या रेषेत पुढे उतार आहे. तिकडे आठ नंबर ना?"

दलदल ओलांडून चढलो. टूरेचं लाकडी स्टूल एका जाड स्प्रूसच्या झाडाला टेकवलेलं आहे, तो तिथे पाठ लावून बसतो. लिस्बेट खाली उभी होती. मी खोडावर हात फिरवायला लागलो, वेन्डेलाने शिकवलं तसा. साल खडबडीत, मग एक जागा गुळगुळीत. कोणीतरी लाकडाची खुंटी ठोकून वर राळ चोपडली होती. नखाने राळ खरवडली, चाकूने खुंटी उपसली. आत करंगळी सहज गेली.

मग स्टुलावर बसून पाहिलं. ते भोक माझ्या डोक्याच्या वर सात बोटांवर होतं. टूरे माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे.

तिथे बसलेला माणूस, कानाशी लाकूड फुटलेलं, आणि त्याने वॉकीटॉकी उचलून म्हटलं, दाजींनी पाडला. मला तिथे रडू कोसळलं. लिस्बेट वर आली, शेजारी मातीत बसली.

१७ मे

सभा. बॉर्येने वही उघडली. "सात नंबर, हॉल्गर, नेहमीप्रमाणे..." म्हणजे तोही खोटं पुढे चालवायला निघाला होता!

मी उठलो. "सात नंबर मी सोडतो. बंदूक कपाटात आहे, ही किल्ली. आणि लिहून घे. मागच्या ऑक्टोबरात मी हद्दीबाहेर गोळी झाडली. ती टूरेच्या डोक्यावर तीन बोटांवर लागली."

हे मात्र कोणाला माहीत नव्हतं. बॉर्येने चष्मा काढून टूरेकडे पाहिलं. "खरं?"

टूरेने आमच्याकडच्या रीतीने नुसता श्वास आत ओढला. म्हणजे हो. मग पुटपुटला, "बाहेर कोणी बोलू नका. बायकोला सांगितलेलं नाही."

"मूर्ख आहेस तू!" मी सगळ्यांदेखत ओरडलो. "तेव्हाच माझी बंदूक काढून घ्यायला हवी होतीस! मान धरून! मी आणखी कोणावर झाडली असती तर? दया करतोस? असली कसली दया, टूरे?"

"करायला हवं होतं," तो म्हणाला. "हिंमत झाली नाही. गोळीला नाही भ्यालो तेवढा तुम्हाला भ्यालो दाजी."

कोणीतरी हसलं, मग सगळेच. मी हसलो नाही. पण बसलो. बॉर्येने विचारलं, आता मी काय करणार. म्हटलं, आठ नंबरवर टूरेच्या शेजारी बसीन, बिनबंदुकीचा. कान शाबूत आहेत, जनावर कुठून येतंय ते याच्याआधी मला कळेल. शिव्याही समोरासमोर देता येतील. आणि हो, थर्मास आणीन. कोणी काही बोलायचं नाही त्यावर.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मंगळवारी जायचंय. लिस्बेट नेणार आहे.

घरी येऊन वेन्डेलाला फोन केला. आधी कामचुकार म्हटल्याची माफी मागितली. तिला विश्वास बसेना, पुन्हा म्हणायला लावलं तिने. मग म्हटलं, "डोकं डावीकडे वळव, उजवी मान समोर येऊ दे. टूरेच्या भिंतीवर लागणार आहे."

"आणि भोक, काका? शिवू?"

"खबरदार! उघडं ठेव."

"पाटीवर नाव टूरेकाकांचं ना?"

"त्याचंच. आणि अगं, एक पाटी आणखी बनव. लहान. ट्राउटसाठी."

कागद सरकल्याचा आवाज आला. पलीकडे पेन्सिल शोधत असावी. "त्यावर काय घालू?"

"विवान," मी म्हणालो. "फक्त विवान नेस्लुंड. वल्ही कोणी मारली ते लिहायची गरज नाही."